करुणाबाईंचं बिनसाखरेचं चॉकलेट

रक्तातली साखर 'काठावर' आली आहे असं रिपोर्टात वाचल्यावर करुणा मोहितेने पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर पर्समधलं चॉकलेट काढून खाल्लं. लॅबच्या पायऱ्यांवर उभी राहून, दोन घासांत. धक्का बसला की काहीतरी गोड तोंडात टाकायचं ही तिची जुनी सवय. धक्काच गोडाचा असेल तर काय करायचं, याचा विचार तिने कधी केला नव्हता.

करुणा रत्नागिरीतल्या एका शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवायची. वर्गात चोरून खाल्लं जाणारं चॉकलेट जप्त करायचं आणि शाळा सुटताना परत द्यायचं, हा तिचा नियम. त्यातला पहिला अर्धा भाग ती काटेकोर पाळायची. दुसऱ्या अर्ध्याबद्दल मुलांमध्ये कुजबूज होती, आणि ती अगदीच निराधार नव्हती.

नवरा राकेश मुंबईला नोकरीला, महिन्यातून एकदा यायचा. शहराला लागून असलेल्या नाचणे गावातल्या घरात करुणा आणि तिचे सासरे सहदेव, दोघंच. सहदेवबाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. गोदीत तीस वर्षं नोकरी करून गावाकडे परतलेले, शिस्तीचे. त्यांना बारा वर्षांपासून मधुमेह होता आणि बारा वर्षांत त्यांनी गोडाला हात लावला नव्हता. हापूसची पेटी घरात आली की ते एक आंबा उचलून नाकाशी धरायचे, "बरा पिकलाय," म्हणायचे आणि परत पेटीत ठेवायचे. तो आंबा मग करुणा खायची. त्यांच्यासमोरच खायची, हे नंतर तिला फार लागलं.

आता आपलीही पाळी आली म्हटल्यावर तिने स्टाफरूममध्ये जाहीर केलं, "मी साखर सोडली." सगळ्यांनी माना डोलावल्या. इंग्रजी शिकवणाऱ्या मृणालीने तर दुपारपर्यंत तिला एक व्हिडिओ पाठवला. त्यात गुळगुळीत ओट्यामागे उभी असलेली एक बारीक बाई सांगत होती : साखर नाही, मैदा नाही, ओव्हन नाही, गॅससुद्धा नाही. खोबरेल तेल, कोको पावडर, शेंगदाण्यांचं वाटण, चमचाभर मध. ढवळा, साच्यात ओता, फ्रीजमध्ये ठेवा. झालं चॉकलेट.

करुणाने तो व्हिडिओ पाच वेळा पाहिला. पाठाची तयारी ती एकदाही एवढ्या मन लावून करत नसे.

घाण्याचं खोबरेल घरात होतंच. कोको पावडर बाजारात, राम आळीत मिळाली. हृदयाच्या आकाराचे साचे तिने ऑनलाइन मागवले. सत्तेचाळिसाव्या वर्षी हृदयाचेच साचे का, हे तिने स्वतःला विचारलं नाही. पहिली खेप फ्रीजमधून निघाली तेव्हा ती ओट्यापाशी थबकलीच. काळीभोर, चकचकीत, टुणटुणीत अशी बारा हृदयं. तिने फोटो काढून राकेशला पाठवला.

त्याचं उत्तर आलं, "छान. साबण घरी केलास का?"

तिने फोन पालथा ठेवला. मोठ्या कामाला निघालेल्या माणसाने असल्या गोष्टींकडे लक्ष द्यायचं नसतं, असं तिला त्या दिवसांत वाटायला लागलं होतं.

मोठं काम म्हणजे बुद्धपौर्णिमा. वस्तीतल्या विहारात दरवर्षी वंदनेनंतर खीर वाटली जायची आणि ती खीर वीस वर्षं सीताकाकू करायच्या. तयारीच्या बैठकीत करुणा उठून उभी राहिली. आपल्या समाजात मधुमेह कसा वाढतोय यावर ती दहा मिनिटं बोलली, आकडे दिले, आणि शेवटी म्हणाली, "यंदा खिरीसोबत मी सगळ्यांसाठी आरोग्यदायी चॉकलेट करून आणते. शंभर नग."

सीताकाकूंनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "खीर मी करत्येय ती करत्येयच. तुझा ता चॉकलेट असूंदे बाजूला."

शंभर हृदयं करायला तिला तीन दिवस लागले. फ्रीजमधली भाजी बाहेर आली, दूध शेजारच्या काशीताईंच्या फ्रीजमध्ये गेलं. बाबांची इन्सुलिनची पेनं तेवढी तिने आत राहू दिली. तेवढी शुद्ध तिला होती.

पौर्णिमेला संध्याकाळी बाबांबरोबर ती स्टीलचा मोठा डबा मांडीवर घेऊन रिक्षाने विहारात आली. मे महिना, वारा पडलेला, पंखे नुसतेच फिरत होते. त्रिसरण-पंचशील झालं. मग चिपळूणहून आलेले पाहुणे बोलायला उभे राहिले. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं की मी फार वेळ घेणार नाही, आणि सव्वा तास बोलले. करुणाच्या पायापाशी डबा होता. मध्येच तिने झाकणाला हात लावून पाहिला. झाकण कोमट लागलं. तिला काहीतरी आठवल्यासारखं झालं, पण नक्की काय ते आठवेना.

डबा उघडला तेव्हा आठवलं.

आत हृदय नव्हतं. एकही नव्हतं. गडद तपकिरी तेलाचं एक संथ तळं होतं आणि त्यावर ट्यूबलाइट दिसत होती. करुणाच्या मागे नववीत गेलेली तिच्याच शाळेतली एक मुलगी खिरीचे पेले घेऊन उभी होती. तिने वाकून डब्यात पाहिलं आणि अगदी अभ्यासू आवाजात म्हणाली, "बाई, द्रवणांक!"

तोच. महिन्याभरापूर्वी करुणाने स्वतःच वार्षिक परीक्षेत दोन गुणांचा प्रश्न घातला होता : खोबरेल तेल हिवाळ्यात गोठते व उन्हाळ्यात वितळते, कारण लिहा. चाळीस मुलांनी कारण लिहिलं होतं. तिने चाळीस वेळा बरोबरची खूण केली होती. पण आठवीला शिकवलेलं सगळं ती स्वयंपाकघराच्या दारात चपलांसारखं काढून ठेवत असावी. आत जाताना त्यातलं काहीच तिच्याबरोबर येत नव्हतं.

"आता काय करायचं?" ती पुटपुटली.

सीताकाकूंनी खिरीचा डाव खाली ठेवला. डब्यात बोट बुडवलं, चाटलं, क्षणभर विचार केला. "केळी आणा गो," त्यांनी मागे वळून सांगितलं. फळांच्या तबकातली केळी आली. काकूंनी त्यांचे काप केले, डब्यात बुडवून द्रोणांत वाढायला घेतले. पंधरा मिनिटांत डबा रिकामा. लोक बोटं चाटत म्हणत होते, "सीताकाकूंनी यंदा नवीनच काढलान काहीतरी." करुणा बाजूला उभी राहून केळ्यांची सालं गोळा करत होती.

घरी जाताना रिक्षात ती रिकामा डबा मांडीवर घेऊन बसली होती.  बाबा बाहेर बघत म्हणाले, "चव बरी होती."

"तुम्हाला काय माहीत?"

बाबांनी उजव्या हाताचं बोट वर केलं. बोट स्वच्छ होतं, पण नखाच्या कडेला तपकिरी रेघ होती.

बारा वर्षं आंब्याचा नुसता वास घेऊन ठेवून देणाऱ्या माणसाने तिच्या फसलेल्या चॉकलेटचं बोट चाटलं होतं. करुणाला हसू आलं. त्या रिक्षातच तिने ठरवलं की बाबांसाठी साखर नसलेलं, न वितळणारं चॉकलेट करायचंच. लोकांची वाहवा आता नको होती. पण आपलं काहीतरी चुकू शकतं हा धडा मात्र ती विहारातच विसरून आली होती.

न वितळणाऱ्या चॉकलेटचं उत्तर म्हणजे खजूर. पाव किलो खजूर, भाजलेले शेंगदाणे, तीळ, किसून परतलेलं सुकं खोबरं आणि कोको. मिक्सरला फिरवायचं, हाताला तुपाचं बोट लावून लाडू वळायचे. ना तेलाचं तळं, ना फ्रीज. लाडू बरणीत भर उन्हाळ्यातही घट्ट राहिले. पहिला लाडू बाबांच्या हातावर ठेवताना करुणा म्हणाली, "साखरेचा एक कण नाही यात."

बाबांनी लाडू हुंगला. "खजूर गोड असतो ना गो?"

"ती नैसर्गिक साखर, बाबा. ती चालते."

बाबा तिच्याकडे पाहत राहिले. सून विज्ञानाची शिक्षिका. तिने हवेत ऑक्सिजन आहे म्हटलं तर आहे. त्यांनी लाडू तोंडात टाकला आणि डोळे मिटले. फार हळू चावत होते. गिळून झाल्यावरही डोळे उघडायला त्यांना थोडा वेळ लागला.

"आणखी एक घेऊ?"

"घ्या की. पौष्टिकच आहे."

मग रोज जेवल्यावर दोन, चहाबरोबर दोन, संध्याकाळी फिरून आल्यावर दमले म्हणून आणखी दोन. करुणाही खायची, किती ते मोजत नव्हती, कारण आरोग्यदायी वस्तू मोजून खायची असते असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. रोज नवी खेप वळली जायची. बाबा खोबरं किसून द्यायला लागले. किसता किसता गोदीतल्या गोष्टी सांगायला लागले, ज्या करुणाने लग्नानंतरच्या बावीस वर्षांत ऐकल्या नव्हत्या. मे महिन्याची सुट्टी इतकी सुखात कधी गेली नव्हती.

अकराव्या दिवशी दुपारी बाबा अंगणातल्या नळापाशी बसलेले दिसले. उठत नव्हते. दोन-तीन दिवस ते सारखे पाणी पीत होते, रात्री चार वेळा उठत होते. उकाड्याने होत असेल असं म्हणून करुणाने सोडून दिलं होतं. आता त्यांची जीभ कोरडी पडली होती आणि शब्द जड येत होते. तिने साखर मोजायचं यंत्र आणलं, बोटाला सुई टोचली. पट्टी आत घातली. आकडा आला, ३८४.

तिला वाटलं यंत्र बिघडलं. दुसऱ्या बोटाचं रक्त घेतलं. ३८९.

काशीताईंनी रिक्षा आणून दिली. दवाखान्यात डॉक्टरबाईंनी बाबांना आडवं केलं, सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं. संध्याकाळपर्यंत आकडा खाली यायला लागला, तेव्हा त्या खुर्ची ओढून जवळ बसल्या. तरुण होत्या, पण आवाजात जरब होती.

"मोहितेकाका, बारा वर्षांत तुमचा रिपोर्ट असा कधी आला नाही. काय खाल्लंत?"

करुणा तोंड उघडणार तोच बाबा म्हणाले, "आंबे."

"किती?"

"खाल्ले सात-आठ. रोज."

डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. "मे महिना आला की रत्नागिरीत माझ्याकडे हीच रांग लागते. तुम्ही त्या रांगेत याल असं वाटलं नव्हतं." मग त्या करुणाकडे वळल्या, आवाज नरम करून. "तुम्ही शिक्षिका ना? विज्ञानाच्या? मग तुम्हाला काय सांगायचं. घरात जरा लक्ष ठेवा यांच्यावर. म्हातारी माणसं ऐकत नाहीत, मला कळतं."

करुणा गप्प बसली. खरं सांगायचं तर ती तीन-चार सेकंद नाही, चांगली मिनिटभर गप्प बसली. त्या मिनिटात तिला किती बरं वाटलं, याची तिला पुढे कित्येक दिवस लाज वाटत होती. कुणाला कळणार नव्हतं. आंबे बिचारे काही बोलणार नव्हते. डॉक्टरबाई उठून जायला लागल्या. बाबा छताकडे बघत पडले होते, सलाईनचा हात सरळ ठेवून, चूक केलेल्या माणसासारखा शरमलेला चेहरा करून. तो चेहराच तिला सहन होईना.

"आंबे नाहीत," ती म्हणाली. आवाज फारच मोठा निघाला. शेजारच्या खाटेवरच्या बाई उठून बसल्या. "यांनी एकही आंबा खाल्लेला नाही. मी खजुराचं चॉकलेट करून घातलं. रोज सहा."

"खजूर?"

"पाव किलोचे बारा होतात."

डॉक्टरबाईंनी मनातल्या मनात हिशेब केला. तो करताना त्यांच्या भुवया वर जात होत्या ते करुणाला दिसत होतं. "म्हणजे दिवसाला सव्वाशे ग्रॅम खजूर. बाई, त्यात ऐंशी ग्रॅमच्या वर साखरच असते. सोळा चमचे समजा."

"नैसर्गिक असते..." करुणा म्हणाली, आणि आपल्याच तोंडून निघालेला तो शब्द ऐकून थांबली.

"उसाची साखर काय कारखान्यात जन्मते?" डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत. पण शेजारच्या खाटेवरच्या बाई हसल्या, आणि ते करुणाला योग्यच वाटलं. "आणि तुम्ही? तुम्ही किती खाल्ले?"

करुणाने सांगितलं. डॉक्टरबाईंनी न बोलता तिच्याही नावाचा कागद काढला.

दोन दिवसांनी बाबा घरी आले. करुणाने बरणी धुऊन उन्हात पालथी घातली होती. बाबांना पडवीत खुर्चीत बसवून, हातात पेजेची वाटी दिल्यावर ती त्यांच्यावर उखडली. दोन दिवस आवरून धरलेलं सगळं बाहेर आलं.

"खोटं का बोललात तुम्ही? रोज सकाळी पंचशील म्हणता. खोटं बोलणार नाही म्हणता. आणि डॉक्टरांसमोर आंबे? कशाने वाढली तेच कळलं नसतं तर? मी घरी आणून परत तेच घातलं असतं!"

"घातला नसतास. तुला तेव्हाच कळला होता."

"मला तोंडावर पाडायला नको म्हणून बोललात ना?"

बाबांनी वाटी खाली ठेवली. "मला शंका होती गो. चौथ्या दिवशीच. पाय जळजळायला लागले तेव्हा."

करुणा त्यांच्याकडे बघतच राहिली. "मग खाल्लात कशाला?"

"बारा वर्षं झाली," बाबा म्हणाले. "राकेश फोन करतो, भात कमी खा. डॉक्टर सांगते, बटाटा नको. तुझी सासू होती तोवर ती माझ्या ताटातला उचलून घेत होती. सगळी मला काय खायचा नाय ते सांगतात. चांगल्यासाठीच सांगतात, माझी तक्रार नाय. पण तू पहिली, जिने माझ्यासाठी काहीतरी केलंस आणि म्हणालीस, खा. मला नाय म्हणवेना." थोडं थांबून ते म्हणाले, "चूक माझीपण हाय. अर्धी अर्धी घेऊ."

करुणा उठून आत गेली. ओट्यापाशी उभी राहून तिने तोंडावर पाणी मारलं. आपण वस्तीला मधुमेहावर भाषण दिलं, आकडे दिले, पण बारा वर्षं रोज गोडाशिवाय जेवणावरून उठणाऱ्या माणसाला आता काय आवडेल, हे एकदाही विचारलं नाही. रिपोर्ट आपल्या नावाचा आला तेव्हा कुठे साखरेचं काही करायला हवं असं वाटलं. तेही सोप्या मार्गाने, गॅस न पेटवता.

पुढच्या खेपेपूर्वी तिने पहिल्यांदा विचारलं. डॉक्टरबाईंना फोन केला, सगळं साहित्य वजनासकट वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "दाणे, तीळ, खोबरं, कोको चालेल. खजूर नुसता बांधायला, सगळ्या खेपेत दोन. लाडू सुपारीएवढा. दुपारी जेवल्यावर एक. आणि आठवडाभर रोज मोजायचं."

दोन खजुरांत ते मिश्रण काही केल्या वळेना. हातात घेतलं की भुगा. बाबा खुर्ची ओढून जवळ बसले. "दाणे गरम असताना वाट," ते म्हणाले, "तेल सुटू दे त्यांचा." तसं केलं तर खरंच धरायला लागलं. पहिला लाडू त्यांनी तोंडात टाकला. करुणा त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होती. डोळे मिटले नाहीत.

"कसं झालंय?"

"कडू हाय."

"फार?"

"काढ्यासारखा." मग त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "पण मीठ घातलास तर चालेल. चिमूटभर. आणि तीळ आणखी भाज, कच्चे लागतायत."

मीठ घातलं. तीळ भाजले. सात खेपा झाल्या आणि सातव्या खेपेला बाबांनी लाडू गिळून नुसतंच "हं" केलं. आदल्या सहा वेळा त्यांनी काही ना काही सांगितलं होतं, म्हणून करुणाने ते 'हं' प्रमाणपत्र समजून घेतलं. महिनाभराने बाबांची उपाशीपोटीची साखर १२६ आली. करुणाची मात्र आधीपेक्षा थोडी जास्तच निघाली. कागद वाचून ती इतकी हसली की लॅबवाल्या मुलीने विचारलं, "मॅडम, बरं वाटतंय ना?" दुसऱ्या दिवसापासून ती बाबांबरोबर संध्याकाळी फिरायला जायला लागली. चढावर ते तिच्यासाठी थांबतात.

हल्ली शनिवार-रविवारी दुपारी जेवणं झाली की पडवीत एक बशी येते. बशीत दोन सुपारीएवढे लाडू. बाबा आपला लाडू चार घासांत, सावकाश, गेटाबाहेरच्या रस्त्याकडे बघत खातात. करुणाचा एका घासात संपतो. मग ती बाबांच्या बोटांत उरलेल्या पाऊण लाडवाकडे पाहत बसते.

"बघू नको," बाबा रस्त्यावरची नजर न काढता म्हणतात. "एक म्हणजे एक."

आणि करुणा बशी उचलून आत जाते. बशीला चिकटलेला चुरा तेवढा ती बोटाने टिपून घेते. त्यात काय साखर असणार, असं ती म्हणत नाही. असते, तिला आता माहीत आहे, तरी टिपते.